दुहेरी केसांच्या कुत्र्यासाठी रेक, ब्लेड, कंगवा आणि सलूनचा ब्लोअर: एक परीक्षण

जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रॅडॉर, हस्की किंवा आपल्याकडे वर्षानुवर्षे ‘पॉम’ म्हणून पाळला जाणारा इंडियन स्पिट्झ यांपैकी कोणताही कुत्रा घरात आला, की काही महिन्यांत केसांचा प्रश्न येतोच, आणि त्या प्रश्नावर उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंची गर्दी पाहिली, की घ्यावे काय हेच कळेनासे होते. पुण्यात आमच्याकडे लांब केसांचा जर्मन शेफर्ड आहे आणि नाशिकला माझ्या बहिणीकडे पांढरा स्पिट्झ आहे. या दोन्ही घरांत मिळून विंचरण्याची जवळजवळ सर्व प्रकारची साधने वापरून झाली आहेत आणि कुत्र्यांच्या सलूनच्या सेवेचाही अनुभव आहे. पुढील परीक्षण त्यावर आधारलेले आहे. माझे मत आधीच सांगते: घरात एक चांगला अंडरकोट रेक आणि एक लांब दात्यांचा पोलादी कंगवा असला, की काम बहुतांशी भागते, सलूनला पैसे द्यायचे ते मुख्यतः ब्लोअरसाठी, आणि केस गळू नयेत म्हणून कुत्र्याच्या अंगावर केस कापण्याचे मशीन फिरवण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी तो मानू नये.

साधनांची पारख करायची, तर हे केस कसे असतात ते थोडे समजून घ्यावे लागते. कुत्र्याच्या त्वचेतील एकेका छिद्रातून केसांचा झुबका बाहेर येतो. त्यात एक केस जाड, लांब व राठ असतो आणि त्याच्या सोबतचे अनेक केस बारीक आणि मऊ असतात. या जातींमध्ये मऊ केसांचा थर इतका दाट असतो की तो वेगळ्या लोकरीसारखा दिसतो; यालाच अंडरकोट म्हणतात, आणि राठ व मऊ अशा दोन थरांमुळे हे केस ‘दुहेरी’. वरचे राठ केस पाऊस, ऊन आणि काटेकुटे अडवतात, तर आतली लोकर हवा धरून ठेवते. ही लोकर कधी दाट व्हायची आणि कधी झडायची, याची सूचना शरीराला मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून मिळते; तापमानाचा वाटा त्यानंतरचा. ज्या ईशान्य सैबेरियातून हस्की आला, तिथे उन्हाळ्यात रात्र नावापुरती उरते आणि हिवाळ्यात दिवस नावापुरता, त्यामुळे तिथल्या कुत्र्याला ऋतू बदलल्याची खूण स्पष्ट मिळते. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, शिवाय घरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. परिणामी आपल्याकडील घरात राहणारा कुत्रा वर्षभर थोडे थोडे केस गाळत राहतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी व पावसाळा सरताना त्याची लाट येते. ‘सीझन संपला की थांबेल’ हे वाक्य थंड देशांतील पुस्तकांतून आले आहे. आपण त्याच्या भरवशावर राहू नये.

मात्र सुटलेला प्रत्येक केस जमिनीवर पडतोच असे नाही. मुळापासून सुटलेली लोकर वरच्या राठ केसांत अडकून राहते, तिथे घाम नव्हे तर दमटपणा, धूळ आणि त्वचेचा कोंडा साचतो, हवा खेळत नाही आणि हळूहळू गुंता व मग जट तयार होते. म्हणून साधनाची परीक्षा मी तीन गोष्टींवर करते: सुटलेली लोकर ते तळापासून काढते का, जिवंत केस तोडते का आणि त्वचेला इजा करते का. सोफ्यावर किती केस दिसले हा मालकाच्या सोयीचा निकष झाला, त्याचा क्रम या तिन्हींनंतर येतो.

यांत पहिला क्रमांक अंडरकोट रेकचा. बागेतल्या दाताळ्याची लहान आवृत्ती डोळ्यांसमोर आणावी: मुठीत मावणारा दांडा, त्याला आडवी पट्टी आणि पट्टीवर एक किंवा दोन ओळींत धातूचे, गोल टोकांचे दाते. विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे दात्यांची लांबी. दाते त्वचेपर्यंत पोहोचले नाहीत, तर वरचे केस नीटनेटके दिसतात आणि खालची लोकर जशीच्या तशी राहते. शेफर्डच्या मानेभोवतीचे आणि मांडीमागचे केस इतके खोल असतात की दोन सेंटिमीटरहून आखूड दाते तिथे काहीच करू शकत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे दाते स्वतःभोवती फिरतात का. फिरणारे दाते गाठीशी आल्यावर वळतात, त्यामुळे ताण कमी बसतो आणि कुत्रा हिसका देऊन निघून जात नाही. आमच्याकडील रेक साधाच आहे, ३००-४०० रुपयांत मिळालेला. दांड्यावरचे रबर सैल झाले, पण दात्यांना काहीही झालेले नाही.

इथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे, कारण दुकानात आणि ऑनलाइन विक्रीत एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू विकल्या जातात. एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट असे वाकडे, चपटे दाते असलेले दुहेरी साधन ‘अंडरकोट रेक’ म्हणूनच दाखवले जाते, परंतु त्याच्या दात्यांच्या आतल्या वाकणात धार असते. ते जट कापण्यासाठी बनवलेले आहे. रोजच्या विंचरण्यात ते वापरले, तर ढिगाने केस निघतात, मालक खूश होतो आणि त्या ढिगात कापलेल्या निरोगी केसांचा वाटा किती हे कोणी पाहत नाही. दाते गोल काड्यांसारखे आहेत की चपट्या पात्यांसारखे, एवढे पाहिले तरी फरक कळतो. बहिणीने स्पिट्झच्या कानामागच्या जटेसाठी असे साधन ठेवले आहे आणि त्या कामापुरते ते उत्तम आहे.

रेक वापरण्याची पद्धत अवघड नाही. कुत्रा कोरडा असावा, एका हाताने त्वचा हलकी ताणून धरावी आणि केसांच्या दिशेने आखूड, हलके हात मारावेत. सुरुवात मांडीपासून करावी, कारण लोकर तिथूनच सर्वाधिक निघते आणि पाठीच्या तुलनेत कुत्राही तिथे शांत राहतो. पोट, काखा आणि बेंबीजवळचा भाग मात्र रेकने करू नये. कुत्र्याच्या त्वचेचा बाहेरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो आणि ज्या भागात केस विरळ आहेत, तिथे धातूचा दाता लगेच लागतो. एरवी आठवड्यातून दोनदा आणि लाटेच्या दिवसांत एक दिवसाआड असा क्रम ठेवला, तर दर वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरतात. लाटेच्या दिवसांत निघणारी लोकर पाहून नव्या माणसाला कुत्रा आजारी आहे असे वाटेल, तसे नसते.

दुसरे साधन म्हणजे डी-शेडिंग ब्लेड, ज्याला आपल्याकडे कोणत्याही कंपनीचे असले तरी सर्रास ‘फर्मिनेटर’ म्हणतात. मूळचे फर्मिनेटर अमेरिकेतील एका ग्रूमर (प्राण्यांच्या केसांची निगा राखणाऱ्या) बाईंनी आपल्या पतीच्या मदतीने बनवले आणि केस कापण्याच्या मशीनमध्ये असते तसे बारीक दात्यांचे पोलादी पाते दांड्याला बसवणे ही त्यामागची कल्पना होती. कल्पना खरोखर चांगली आहे. पाते राठ केसांच्या खाली जाऊन सुटलेली लोकर पकडते, आणि दांड्यावरचे बटण दाबले की साचलेले केस पुढे ढकलले जातात. लॅब्रॅडॉरसारख्या आखूड पण दाट केसांच्या कुत्र्यावर याच्या तोडीचे साधन मी पाहिलेले नाही. आमच्या इमारतीतील एका लॅबवर ते चालताना पाहिले, की रेक त्याच्यापुढे निरुपयोगी वाटतो, कारण लॅबचे केस रेकच्या विरळ दात्यांमधून निसटून जातात.

लांब केसांच्या कुत्र्याच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. आखूड आणि लांब केसांसाठी वेगळी पाती मिळतात आणि पाच सेंटिमीटरहून लांब केसांसाठी लांब केसांचे पातेच घ्यावे, हे खरे. परंतु योग्य पाते घेऊनही एकाच जागी वारंवार फिरवले, तर सुटलेली लोकर संपल्यावर ते जिवंत केसांना लागते. शेफर्डमध्ये हे ओळखण्याची एक खूण आहे. त्याच्या पाठीवरचा काळा रंग राठ केसांच्या टोकांत असतो आणि आतली लोकर फिकट राखी किंवा पिवळसर असते. पात्यातून निघालेल्या पुंजक्यात राखी लोकर दिसत असेल, तोवर काम बरोबर चालले आहे. आखूड, सरळ, तुटल्यासारखे काळे केस दिसू लागले, की थांबावे. आपोआप गळलेल्या केसाचे एक टोक निमुळते आणि दुसऱ्या टोकाशी बारीकसा फुगवटा असतो, त्यामुळे उन्हात धरून पाहिले तर गळलेला केस आणि तुटलेला केस यांत गफलत होत नाही. पाठ फिकी, खरबरीत आणि थोडी करपल्यासारखी दिसणारे कितीतरी शेफर्ड उद्यानात दिसतात आणि त्यांचे मालक खाद्य बदलत बसतात.

ब्लेडच्या स्वस्त नकलांबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की विकत घेतल्यावर पात्याची कड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर, अजिबात दाब न देता, फिरवून पाहावी. खरचटल्यासारखे वाटले, तर ते कुत्र्याला लावू नये. मूळ वस्तू आणि नक्कल यांच्या किमतीत अनेक पटींचा फरक असतो आणि तो फरक पात्याच्या घडणीत असतो, दांड्याच्या रंगात नाही. स्पिट्झ आणि पॉमेरियन यांच्यासाठी मात्र मी मूळ आणि नक्कल दोन्ही नाकारेन. त्यांच्या अंगावरचा सगळा डौल उभ्या राठ केसांवर अवलंबून असतो. ते तुटले की कुत्रा महिनोन्महिने विस्कटलेला दिसतो.

स्पिट्झसाठी बहिणीने स्लिकर ब्रश घेतला. रबरी गादीवर बारीक, टोकाशी वाकवलेल्या तारा असतात तो हा ब्रश. गुंता सैल करण्यात आणि केस फुलवण्यात तो वाकबगार आहे, पण हात जड असलेल्या माणसाने वापरला, तर त्वचेवर लाल ओरखडे उठतात आणि कुत्रा पुढच्या वेळी ब्रश दिसताच पलंगाखाली जातो. ज्या तारांच्या टोकांवर प्लास्टिकचे मणी असतात, त्या सुरक्षित वाटल्या तरी दाट केसांत मणी अडकतात आणि काही महिन्यांत एकेक करून निघून जातात. त्यापेक्षा मणी नसलेला, मऊ गादीचा ब्रश घेऊन हात हलका ठेवणे बरे.

पोलादी कंगव्याबद्दल मात्र मला विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण या साधनाची जाहिरात कोणी करत नाही. अर्धा भाग विरळ आणि अर्धा भाग दाट दात्यांचा, वीतभर लांबीचा हा कंगवा ‘ग्रेहाउंड कंगवा’ या नावाने मिळतो. तो लोकर काढण्यासाठी फारसा उपयोगी नाही; तो तपासणीसाठी आहे. रेक किंवा ब्रश फिरवून झाल्यावर एका हाताने केस वर उचलून धरावेत, खाली त्वचेची रेघ दिसेल असा भांग पाडावा आणि त्या रेघेपासून बाहेरच्या दिशेने कंगवा न्यावा. मग एक-दोन बोटांचे अंतर सोडून पुढचा भांग. कंगवा अडला नाही, तरच तो भाग झाला असे समजावे. वरून सुंदर दिसणाऱ्या स्पिट्झच्या कानामागे, काखेत, गळपट्ट्याखाली आणि मांडीमागच्या झालरीत त्वचेलगत घट्ट बसलेली जट अनेकदा याच तपासणीत सापडते. जट सापडली तर ती ओढू नये. मुळाशी बोटांनी केस धरून, टोकाकडून मुळाकडे थोडी थोडी सोडवावी, हवे तर त्यावर कंडिशनर पाण्यात मिसळून लावावे. कात्रीने कापायला जाणे धोक्याचे आहे, कारण जटेबरोबर त्वचाही वर ओढली जाते आणि ती कोणत्या जागी संपते हे दिसत नाही. पावसाळ्यात या भांगांचा दुसराही उपयोग होतो: गोचीड, पिसवांची काळी विष्ठा, ओलसर लाल चट्टे यांपैकी काहीही या केसांत वरून दिसत नाही. गोचिडातून पसरणारे एर्लिकिया आणि बबेसियासारखे ताप महाराष्ट्रात नवे नाहीत, तेव्हा केवळ यासाठी कंगवा घेतला तरी पैसे वसूल होतात.

इतर वस्तूंवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. रबरी हातमोजा आखूड केसांच्या कुत्र्याला आणि त्याहूनही सोफ्याला उपयोगी आहे. किंचित ओला करून गादीवरून फिरवला, की केस वळकट्या होऊन निघतात. केस गळणे थांबवणारे स्प्रे सुगंध देतात. ‘शेड कंट्रोल’ शाम्पूने केस जास्त निघतात ते अंघोळीत चोळल्यामुळे आणि नंतर विंचरल्यामुळे, ते कोणत्याही सौम्य शाम्पूने निघतील. फक्त शाम्पू कुत्र्यांसाठीचाच असावा, कारण त्यांच्या त्वचेची आम्लता आपल्याहून कमी, उदासीनतेच्या जवळची असते आणि माणसांच्या साबणाने ती कोरडी पडते. टी ट्री तेल ‘नैसर्गिक’ म्हणून अंगाला लावण्याचा सल्लाही फिरत असतो. ते तेल थेट लावले तर कुत्र्यासाठी विषारी आहे.

आता सेवेकडे वळते. पुण्याच्या पश्चिम भागात एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर दोन टेबले आणि एक हौद एवढ्या पसाऱ्यात चालणाऱ्या सलूनमध्ये आम्ही शेफर्डला नेतो. मोठ्या कुत्र्याची अंघोळ, ब्लोअर, नखे आणि कानांची सफाई मिळून १,५०० ते २,००० रुपयांच्या दरम्यान होतात. लाटेच्या दिवसांत वेळ जास्त लागतो म्हणून ते थोडे अधिक घेतात आणि मला ते रास्त वाटते. या सलूनबद्दल मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे अंघोळीपूर्वी कुत्रा संपूर्ण विंचरतात. हा क्रम साधा वाटतो, परंतु गुंता असलेल्या केसांवर पाणी पडले, की ते आक्रसून नमद्यासारखे घट्ट होतात आणि नंतर सोडवता येत नाहीत. याआधी ज्या एका सलूनमध्ये आम्ही जात होतो, तिथे कुत्रा आत गेला की थेट नळाखाली उभा केला जाई आणि परत येताना मांडीमागे गाठी घेऊन येई. तिथली सजावट मात्र या तळमजल्यापेक्षा खूपच देखणी होती.

दुसरी गोष्ट अर्थातच ब्लोअर. माणसांचा हेअर ड्रायर उष्णतेने केस वाळवतो. कुत्र्यांचा ब्लोअर हवेच्या जोराने पाणी आणि सुटलेली लोकर बाहेर फेकतो, त्यातली हवा जेमतेम कोमट असते. ओल्या केसांत नळी त्वचेजवळ धरली, की केस चक्राकार फाकतात, तळाची त्वचा उघडी दिसते आणि जी लोकर रेकने अजून कितीतरी वेळा विंचरून निघाली असती, ती काही मिनिटांत भिंतीवर जाऊन चिकटते. अंघोळीनंतर आम्ही घरी जे टॉवेल आणि पंखा यांच्या आधारे करत होतो, त्यात वरचे केस तासाभरात कोरडे लागत, पण आतली लोकर दुसऱ्या दिवशीही दमट असे. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत अशी ओल आत राहिली, तर आधी कुबट वास येतो, मग खाज सुटते, कुत्रा एकच जागा चाटत राहतो आणि पाहता पाहता गालावर किंवा कमरेवर ओलसर, केस गेलेला लाल चट्टा पडतो, ज्याला डॉक्टर ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. पावसाळ्यात अंघोळीची संख्या कमी करून प्रत्येक अंघोळ ब्लोअरखाली पूर्ण वाळवून घेणे, हा या सलूनच्या मालकाने दिलेला सल्ला त्याच्या धंद्याच्या विरुद्ध होता आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

ब्लोअरचा आवाज मोठा असतो आणि सर्वच कुत्रे तो सहन करत नाहीत. आमच्या सलूनमध्ये नळी आधी मागच्या पायांवर, कमी जोरावर धरतात, कानांवर कापडी पट्टा चढवतात आणि तोंडावर ब्लोअर अजिबात मारत नाहीत. काही ठिकाणी मात्र कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून गरम हवेचा ड्रायर लावून देतात आणि माणूस दुसऱ्या कामाला जातो. कुत्रा शरीर थंड करतो ते धापा टाकून, पंजांच्या गादीतून येणाऱ्या थोड्याशा घामाने त्याचे भागत नाही; बंद पिंजऱ्यात गरम हवा मिळाली, तर दाट केसांचा कुत्रा उष्माघाताने दगावू शकतो. सलून निवडताना दर विचारण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा, आणि कुत्र्याचे काम चालू असताना काचेतून तरी पाहू देतात का, हेही विचारावे.

मशीनने केस उतरवण्याबद्दल. मार्च उजाडला की ‘समर कट’च्या पाट्या लागतात आणि या धाटणीत शेफर्ड किंवा हस्कीचे केस बोटभरही शिल्लक राहत नाहीत. यामागचा युक्तिवाद ऐकायला पटतो: उकडते आहे, केस काढा. परंतु कुत्रा त्वचेतून घाम गाळून थंड होत नाही, त्यामुळे केस काढल्याने त्याला आपल्यासारखा वारा लागत नाही. उलट दुपारचे ऊन थेट त्वचेवर येते. शिवाय मशीनने राठ केस आणि लोकर एकाच लांबीवर येतात, लोकर आधी वाढते, राठ केस मागे राहतात आणि नवे केस पूर्वीपेक्षा जास्त गुंततात. हस्की, चाऊ चाऊ, समोयेड आणि पॉमेरियन यांसारख्या जातींत तर मशीन फिरवलेल्या जागी केस अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, उगवतच नाहीत. पशुवैद्यकशास्त्रात याची स्वतंत्र नोंद आहे. जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या अमेरिकन केनेल क्लब या संस्थेच्या, प्रदर्शनासाठीच्या हस्कीच्या मानकात मिशा आणि पंजांभोवतीचे केस सोडून अंगावर कुठेही कात्री लावलेली चालत नाही. प्रदर्शनाचे नियम घरच्या कुत्र्याला लावण्याचे कारण नाही, पण यावरून त्या जातीच्या जाणकारांना काय वाटते ते कळते. शस्त्रक्रिया, जखम किंवा अंगभर बसलेली जट असेल, तर मशीनला पर्याय नसतो. पंजांच्या गादीमधले आणि गुदद्वाराभोवतीचे केस छाटणे तर आवश्यकच आहे. ‘आमच्याकडे सगळे करून घेतात’ हे कारण मात्र पुरेसे नाही. गरमीचा खरा उपाय म्हणजे लोकर काढून टाकणे, आणि ती निघाल्यावर उरलेल्या राठ केसांतून हवा चांगली खेळते.

कोणतेही साधन आणि कोणतेही सलून जिथे थांबते, ती रेघही सांगायला हवी. साध्या केसगळतीत अंगावर कुठेही टक्कल पडत नाही. दोन्ही बाजूंना सारखे विरळ चट्टे दिसू लागले, कुत्रा सुस्त झाला आणि वजन वाढले, तर थायरॉइडची तपासणी करावी लागते. हस्की आणि मॅलम्यूट यांच्या डोळ्यांभोवती किंवा तोंडाभोवती पापुद्रे येत असतील, तर शरीरात जस्त नीट शोषले जात नसण्याची शक्यता असते. व्यालेल्या कुत्रीचे केस काही आठवड्यांनी भराभर जातात आणि परत येतात, त्यासाठी घाबरू नये. नसबंदीनंतर काही कुत्र्यांची लोकर जास्त मऊ आणि गुंतणारी होते, तेव्हा विंचरण्याचा क्रम वाढवावा लागतो. माशाच्या तेलाने केसांना तकाकी येते, पण मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी, आणि तेलाने केस गळणे बंद होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

घरासाठी स्वतःचा ब्लोअर घ्यावा का, हा प्रश्न या सगळ्यानंतर उरतो. बरी यंत्रे ५,००० रुपयांच्या पुढे मिळतात, म्हणजे मोठ्या कुत्र्याच्या सलूनच्या चार-पाच फेऱ्यांत किंमत वसूल होते, आणि दोन कुत्रे असतील तर हिशेब आणखी लवकर जुळतो. माझ्या बहिणीने तो घेतला, कारण तिच्या घराला मागे मोकळे अंगण आहे. आम्ही घेतलेला नाही. सदनिकेच्या स्नानगृहात ब्लोअर चालवला, की लोकर छताला, गीझरला आणि दिव्याच्या कडांना चिकटते. गॅलरीत चालवला, की ती खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते. ज्यांच्याकडे गच्चीवर वीज आणि पाणी आहे व शेजारी समजूतदार आहेत, त्यांनी जरूर घ्यावा. घेताना हवेचा जोर टप्प्याटप्प्याने कमी-जास्त करता येतो का आणि नळी पुरेशी लांब आहे का ते पाहावे, कारण आवाज करणारे यंत्र कुत्र्यापासून जितके दूर ठेवता येईल तितके बरे.